शपथ घेऊ नकोस

चि. बाळास,
प्रभूच्या नावात सलाम आणि आशीर्वाद.

परवा फोनवर तू मम्मीच्या गळ्याची शपथ घेतलीस, की मोबाइलवरच्या रमीला पुन्हा हात लावणार नाही. मम्मीचा जीव भांड्यात पडला. माझा नाही पडला, कारण ती शपथ मला पाठ आहे. तुझ्या जन्माआधी दर पगाराला मी ती तुझ्या आजीच्या गळ्याची घ्यायचो.

माझा खेळ मटका. ओपन गेला तर क्लोज, क्लोज गेला तर उद्या. स्वप्नात बैल दिसला तरी सकाळी उठून त्याचा आकडा काढायचो. वर रविवारी शब्बाथ शाळेत पोरांना दहा आज्ञा शिकवायचो, तेही मन लावून. ढोंग नव्हतं ते. दोन्ही माणसं मीच होतो. पौलाने रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात हेच रडगाणं गायलंय: जे करायचं ते हातून होत नाही आणि नको तेच होतं. प्रेषिताची ही गत, तर आपण कोण!

मग मी चर्चच्या मंडळीचा खजिनदार झालो. कापणीच्या सणाच्या लिलावाचे पैसे आठवडाभर आपल्या कपाटात होते. बाजरीचे, कोंबड्यांचे, एका म्हातारीने पदरात बांधून आणलेल्या अंड्यांचे. शनिवारपर्यंत पिशवी रिकामी झाली. ती अंडी मला अजून दिसतात.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात येशू म्हणतो, पाप करणारा पापाचा दास असतो. त्याआधीच लोक फणकारलेत, की आम्ही अब्राहामाचे वंशज, आम्ही कुणाचे दास कधी नव्हतो. मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, गुलाम म्हणून पिढ्यान्‌पिढ्या विटा पाडलेल्यांची ही लेकरं! मीही म्हणायचो, मनात आणलं तर उद्या सोडीन. तूही परवा तेच म्हणालास.

शेवटी रात्री पाळकसाहेबांच्या दारात गेलो आणि सगळं सांगितलं. वाटलं होतं हाकलतील. त्यांनी आधी जेवायला बसवलं. भाकरी घशाखाली उतरेना. जेवण झाल्यावर त्यांनी कागद पुढे केला, ‘किती घेतले ते लिही, आणि महिन्याला किती फेडशील तेही.’ घरी येताना शुभवर्तमानातला जक्कय आठवला, लोकांना लुबाडणारा जकातदार, येशूला बघायला उंबरावर चढलेला. तो उंबरावरून उतरला तेव्हा येशूने आधी हिशोब मागितला नाही, त्याच्या घरी मुक्काम करायचा म्हणाला. चौपट परत देण्याचं जक्कय नंतर बोलला. मी आयुष्यभर उलटं धरून बसलो होतो: आधी सुधारायचं, मग देवापुढे जायचं.

फेडायला चौदा महिने लागले. खजिनदारपद गेलं, ते बरंच झालं. काहींनी बरीच वर्षं माझ्याशी सलाम केला नाही. टपरीवरून जाताना हात शिवशिवायचे, आजही एखाद्या दिवशी शिवशिवतात. पण आता लपवायला काही नाही, म्हणून त्या हाताला मालक उरला नाही. तशी ओढ लागली की मी तिथेच मनात म्हणतो, ‘प्रभू, हे बघ, परत आलं.’ एवढीच प्रार्थना.

बाप्तिस्मा आपल्या घरात सगळ्यांचाच झालाय, त्यावर जाऊ नकोस. पंडिता रमाबाईंचा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला, तरी धर्म मिळाला पण ख्रिस्त सापडला नव्हता, हे त्यांना सुमारे आठ वर्षांनी उमगलं. त्यानंतर त्यांनी केडगावला निराधार बायका-मुलींसाठी जे उभं केलं त्याचं नावच मुक्ती. पुण्याहून आपल्याकडे येताना ते स्टेशन लागतं.

तेव्हा ती शपथ मागे घे. शनिवारच्या गाडीने ये. किती कर्ज झालंय, कुणाकुणाचं, ते कागदावर लिहून आण. अर्धा आकडा सांगू नकोस, मीही पाळकसाहेबांना पहिल्यांदा अर्धाच सांगितला होता. मम्मीला मी आधी काही बोलणार नाही, ते तुझं तू सांग. ती बोंबलाचं कालवण करणार आहे. आधी जेवू.

तुझा,
पप्पा