हुकलेली उद्दिष्टेही अहवालात हवीत

महोदय,

कंपन्यांच्या पर्यावरणविषयक दाव्यांवर लोकांचा विश्वास का बसत नाही, याचे उत्तर बहुतेक वेळा त्यांच्याच अहवालांत सापडते. ‘हरित’, ‘पर्यावरणस्नेही’ हे शब्द पानोपानी असतात. परंतु कार्बन उत्सर्जनातील घट कोणत्या वर्षाच्या तुलनेत, एकूण किती टनांची आणि ती तपासली कोणी, हे शोधूनही मिळत नाही. ‘स्वच्छ’ म्हणून विकलेल्या डिझेल गाड्यांत चाचणीला चकवणारे सॉफ्टवेअर असल्याचे २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या बाबतीत उघड झाले. अशा गाड्या जगभरात सुमारे १ कोटी १० लाख होत्या. ती उघड फसवणूक होती. मला अधिक चिंता वाटते ती अक्षरशः खरे असूनही दिशाभूल करणाऱ्या विधानांची.

समजा, प्रत्येक नगामागचे उत्सर्जन २० टक्क्यांनी घटले आणि त्याच काळात उत्पादन दीडपट झाले, तर एकूण उत्सर्जन २० टक्क्यांनी वाढलेले असते. जाहिरातीत मात्र केवळ घटच झळकते. हिशेब कारखान्याच्या कुंपणापाशी थांबवण्याचा प्रकारही असाच आहे, कारण पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीचे बहुतांश उत्सर्जन ती बनवताना नव्हे, तर ती रस्त्यावर धावताना होते.

याउलट, २०२३ मधील आपले उत्सर्जन २०१९ च्या तुलनेत ४८ टक्क्यांनी वाढल्याचे गुगलने २०२४ च्या अहवालात स्वतःच नोंदवले आणि डेटा सेंटरचा वीजवापर व पुरवठा साखळी ही त्याची कारणेही दिली. अशा कबुलीने हवा शुद्ध होत नाही, हे खरेच. पण तीच कंपनी उद्या घट झाल्याचे सांगेल, तेव्हा ते मानायला आधार राहतो.

केवळ कार्बन क्रेडिट, म्हणजे इतरत्र झालेल्या उत्सर्जन-घटीची प्रमाणपत्रे, खरेदी करून एखाद्या उत्पादनाला ‘कार्बन-तटस्थ’ (निव्वळ उत्सर्जन शून्य असलेले) म्हणण्यास युरोपीय संघाने २०२४ च्या निर्देशाद्वारे मनाई केली आहे, ती योग्यच आहे. मात्र मागील वर्षी दिलेले वचन, आजची स्थिती आणि ते हुकले असल्यास त्याचे कारण या तिन्ही गोष्टी अहवालाच्या पहिल्याच पानांवर देण्यासाठी कंपन्यांनी कायद्याची वाट पाहू नये. वृत्तपत्रांनीही आधारवर्ष आणि एकूण उत्सर्जनाचा आकडा हाती आल्याशिवाय ‘उत्सर्जन घटले’ असा मथळा देऊ नये, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक