रिप बदलण्याआधी आपल्याच फायली छापून पाहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सांगली, मिरज, कुपवाड आणि आसपासच्या तालुक्यांत फ्लेक्स व विनाइलची मोठी छपाई करणाऱ्या दुकानदारांपुढे सध्या एक प्रश्न आहे. यंत्राला काम पुरवणारे जुने सॉफ्टवेअर बदलून नवे घ्यावे, की आहे तेच चालू ठेवावे? या व्यवसायात माझी अठरा वर्षे गेली आहेत आणि या निर्णयापाशी मी स्वतः काही महिने अडकून पडलो होतो. त्या काळात जे पदरी पडले, ते व्यवसायबंधूंच्या उपयोगी पडेल असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे.

ज्याला आम्ही दुकानात नुसते ‘रिप’ म्हणतो, ते सॉफ्टवेअर ग्राहकाच्या नजरेस कधी पडत नाही. डिझायनरने कोरलड्रॉ किंवा फोटोशॉपमध्ये केलेले काम ते शाईच्या थेंबांत उतरवते आणि कोणती शाई कुठे, किती व कोणत्या पासमध्ये, म्हणजे छपाईच्या हेडच्या कोणत्या फेरीत, पडायची हेही तेच ठरवते. यंत्र कितीही भारी असले, तरी रिपचा हिशेब चुकला की दहा फुटी रोलवर चूकच छापली जाते.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची सर्वसाधारण सेवा थांबवली, तेव्हापासून विक्रेत्यांचे फोन वाढले आहेत. ‘तुमचे रिप आता कधीही बंद पडेल’ असे मला दोघांनी सांगितले. ते खरे नाही. त्या तारखेनंतर थांबतात ती सुरक्षेची अपडेट; संगणक चालू राहतो, रिप चालू राहते, परवान्याची किल्ली म्हणून संगणकाला लावलेला डोंगलही ओळखला जातो. धोका आहे तो असा संगणक इंटरनेटला जोडून ठेवण्यात, आणि त्यावर उपाय आहे. ग्राहकांच्या फायली दुसऱ्या संगणकावर उतरवाव्यात, तिथे तपासाव्यात आणि मगच रिपच्या संगणकावर आणाव्यात. खरी अडचण वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. जुन्या संगणकाचा मदरबोर्ड ज्या दिवशी जाईल, त्या दिवशी बाजारात मिळेल तो विंडोज ११ चा संगणक. विंडोज ११ केवळ ६४ बिटमध्ये येते, आणि आपल्या यंत्राचा किंवा डोंगलचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला संगणकाशी बोलते करणारा प्रोग्राम, जुन्या ३२ बिटचा असेल तर तो त्यावर चालणारच नाही. म्हणून पहिले काम विक्रेत्याला फोन करण्याचे नाही, तर आपल्या संगणकात, यंत्रात आणि डोंगलमध्ये नेमके काय आहे हे एका कागदावर उतरवून काढण्याचे आहे.

दोन वर्षांपूर्वी मिरजेच्या विसर्जन मिरवणुकीसाठी एका मंडळाच्या स्वागत कमानीचे काम माझ्याकडे होते. अनंत चतुर्दशीला चार दिवस उरले होते. मंडळाच्या नावामागे डिझायनरने मऊ सावली टाकली होती. पडद्यावर ती सुरेख दिसत होती. दहा बाय वीसचा तुकडा यंत्रातून बाहेर आला, तेव्हा नावाभोवती धारदार कडांचा पांढुरका चौकोन उमटलेला होता. दोनशे चौरस फूट मीडिया, म्हणजे छापायचे फ्लेक्स, आणि त्यावरची शाई वाया गेली, आणि ऑपरेटर रात्री साडेअकरा वाजता माझ्या तोंडाकडे पाहत उभा राहिला. त्याचे काही चुकले नव्हते. रिपला पान समजावून सांगणाऱ्या पोस्टस्क्रिप्ट या जुन्या भाषेला अशा सावलीतली पारदर्शकता समजत नाही. पीडीएफमध्ये ती २००१ साली १.४ या आवृत्तीबरोबर आली, आणि ती सपाट न करता, म्हणजे मागच्या चित्रात आधी एकजीव न करता, थेट वाचणारे पीडीएफ प्रिंट इंजिन अडोबीने २००६ साली दिले. माझे रिप त्याआधीच्या घडणीचे होते. त्या रात्री आम्ही तीच फाईल ७२ डीपीआयच्या (इंचाला ७२ ठिपक्यांच्या) टिफ या चित्राच्या फाईलमध्ये सपाट करून घेतली आणि काम सुरळीत छापले गेले. म्हणजे सॉफ्टवेअर न बदलताही मार्ग होता. तो आम्ही आधी अवलंबला नव्हता, एवढेच.

याच ठिकाणी डीपीआयबद्दलही लिहिले पाहिजे, कारण ‘मोठ्या फायलींसाठी नवे रिप घ्या’ हा विक्रेत्यांचा ठरलेला मुद्दा असतो. दहा बाय वीस फुटांचे काम ७२ डीपीआयला चार रंगांत सुमारे ६०० एमबी होते. तेच १५० डीपीआयला केले तर सुमारे २.६ जीबी होते, आणि त्याची लांब बाजू ३६,००० पिक्सेलची होत असल्याने ३०,००० ची मर्यादा असलेल्या फोटोशॉपच्या साध्या पीएसडी फाईलमध्ये ते मावतही नाही. विंडोजवर ३२ बिटच्या प्रोग्रामच्या वाट्याला साधारणपणे २ जीबी मेमरी येते, त्यामुळे असे काम घेताना जुने रिप धापा टाकते यात नवल नाही. पण तीस फुटांवरून पाहिल्या जाणाऱ्या कमानीला १५० डीपीआय कशासाठी हवा? ज्यांच्याकडे दुकानांच्या आतील भिंतींची, प्रदर्शनांतील दालनांची, हाताच्या अंतरावरून पाहायची कामे येतात त्यांच्यासाठी ६४ बिटचे नवे रिप हे खरोखरच कामाचे साधन आहे. ज्यांचे नव्वद टक्के काम वाढदिवसाचे आणि स्वागताचे फलक हेच आहे, त्यांनी आधी डिझायनरशी बोलावे.

कमानीच्या प्रसंगानंतर मी एक वही घातली. वाया गेलेला प्रत्येक तुकडा, त्याचे चौरस फूट आणि वाया जाण्याचे कारण तीन महिने त्यात लिहिले. २३ नोंदी झाल्या. त्यांतल्या तेरा शाईचे बंद नोझल, वीज जाणे किंवा मीडिया तिरका ओढला जाणे यांच्या होत्या, आणि सहा ग्राहकाने छापल्यानंतर दाखवलेल्या नावांच्या व तारखांच्या चुकांच्या. रिपच्या खात्यावर केवळ चार नोंदी होत्या. पण चौरस फुटांची बेरीज केली तेव्हा हे चार तुकडे एकूण नुकसानीच्या जवळजवळ एक तृतीयांश भरले, कारण ते सगळे मोठ्या मापाचे होते आणि सगळे सणाच्या तोंडावर गेले होते. ही वही नसती, तर तेवीसच्या तेवीस तुकड्यांचे खापर मी जुन्या सॉफ्टवेअरवर फोडले असते आणि नवे घेऊनही तेरा तुकडे वाया घालवत राहिलो असतो.

रंगाचा विषय याहून नाजूक आहे. मार्केट यार्डातील हळदीचे एक व्यापारी दर हंगामात माझ्याकडून फलक करून घेतात. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्यांच्या फलकावर त्याचा उल्लेख असतो आणि पिवळ्या रंगाबाबत ते फार काटेकोर आहेत. नव्या रिपची चाचणी चालू असताना मी त्यांचीच जुनी फाईल त्यावर छापली आणि कपाटातला आदल्या वर्षीचा तुकडा शेजारी धरला. नवा पिवळा किंचित हिरवट होता. वेगळा पाहिला असता तर चालूनही गेला असता, पण शेजारी शेजारी ठेवल्यावर पोरानेसुद्धा ओळखला असता. कारण असे, की प्रत्येक मीडिया, प्रत्येक शाई आणि प्रत्येक पाससाठी शाईची मर्यादा, लिनियरायझेशन (फिक्या ते गडद छटा समप्रमाणात आणणे) आणि आयसीसी प्रोफाइल (रंग कसा उमटतो याचा तक्ता) ही तिन्ही एकमेकांवर बेतलेली असतात. जुने प्रोफाइल नुसते उचलून नव्या रिपमध्ये टाकले तर त्याखालचा पाया बदललेला असतो. माझ्याकडे आठ प्रकारचा मीडिया आणि दोन पास आहेत. म्हणजे सोळा वेळा पट्ट्या छापायच्या, मोजायच्या आणि पुन्हा छापायच्या. रंग मोजण्याचे यंत्र स्वतःकडे नसेल तर तंत्रज्ञ बोलवावा लागतो. विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये हा खर्च मला एकदाही दिसलेला नाही. हे काम लग्नसराई संपून गणपतीची धांदल सुरू होण्याआधी, आषाढातच उरकावे; गणपतीच्या तोंडावर रिप बदलण्याचे धाडस कोणी करू नये.

डोंगलचा अनुभव २०१९ च्या महापुराने दिला. तेव्हा माझे दुकान मारुती रस्त्यालगत होते. पाणी चढू लागले तसे आम्ही संगणक घाईघाईने वर नेले, पण डोंगल लांब वायरीच्या टोकाला टेबलामागे राहून गेला. पाणी ओसरल्यावर तो चिखलात सापडला, कोरडा केला, पण चालला नाही. मोडका का होईना, तो हातात होता म्हणून विक्रेत्याने कंपनीकडे पाठवून बदलून आणला, आणि त्यात पाच आठवडे गेले. तो सापडलाच नसता तर पूर्ण किंमत पुन्हा भरावी लागेल, असे मला स्पष्ट सांगण्यात आले होते. नव्या आवृत्त्यांमध्ये परवाना इंटरनेटवरून सुरू होतो, ही आपल्यासारख्या नदीकाठच्या गावासाठी मोठी सोय आहे. मात्र वार्षिक वर्गणीचा परवाना घेतला तर ज्या वर्षी धंदा मंद असेल, त्याही वर्षी हप्ता चुकवून चालत नाही. हप्ता थांबला की यंत्रही थांबते. म्हणून दर महिन्याला पुरेसे काम हातात नसलेल्या दुकानाने कायमस्वरूपी परवानाच मागावा, असे माझे मत आहे.

काही दुकानांत तोडलेल्या कुलपाचे, म्हणजे क्रॅक केलेले रिप चालते, हे आपण सगळेच जाणतो. नाडलेल्या माणसाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. परंतु १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ६३-ब कलमानुसार बेकायदा प्रत माहीत असून वापरणाऱ्याला किमान सात दिवसांचा कारावास आणि किमान पन्नास हजार रुपयांचा दंड होऊ शकतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. असे रिप चालवणाऱ्याच्या बाबतीत ‘बदलावे का’ हा प्रश्नच उरत नाही. त्याने अधिकृत प्रत घ्यावी, मग ती लहान आवृत्तीची असली तरी हरकत नाही.

आता विक्रेत्यांना एक विनंती. आपले प्रात्यक्षिक आपण आपल्या फायलींवर आणि आपल्या यंत्रावर दाखवता, आणि त्यात सगळेच सुंदर छापले जाते. आम्हाला पंधरा दिवसांचा चाचणी परवाना आमच्या यंत्रावर द्या. आमच्यापैकी अनेकांची यंत्रे अशी आहेत, की रिप केवळ प्रिंट फाईल तयार करून देते आणि छपाई यंत्राचे स्वतःचे सॉफ्टवेअर करते. आमच्या यंत्राच्या बोर्डाला नव्या रिपची फाईल कळते का, हे पैसे देण्याआधी समजले पाहिजे. ड्रायव्हर, प्रोफाइल, प्रशिक्षण आणि पुढच्या आवृत्तीचा दर यांत काय धरले आहे व काय धरलेले नाही, हे अठरा टक्के जीएसटीसह लेखी द्या.

मी स्वतः असे ठरवले आहे, की दोन यंत्रांपैकी आतील कामाच्या यंत्राला येत्या आषाढात नवे रिप घ्यायचे आणि बाहेरच्या फलकांच्या यंत्राला जुनेच ठेवायचे. चाचणीसाठी मी तीन फायली बाजूला काढल्या आहेत : कमानीची ती सावलीची फाईल, हळदीचा पिवळा फलक, आणि फाँट कर्व्ह न करता, म्हणजे अक्षरांची चित्रे न बनवता, पीडीएफमध्येच बसवलेला, जोडाक्षरांनी व रफारांनी भरलेला एक मराठी मजकूर. ज्या व्यवसायबंधूंना विक्रेत्यासमोर हीच परीक्षा घ्यायची असेल, त्यांनी दुकानात पेनड्राइव्ह घेऊन यावे. पहिल्या दोन फायलींना संबंधितांची परवानगी मी आधीच घेतली आहे.

आपला वाचक,
एक फ्लेक्स छपाई व्यावसायिक,
विश्रामबाग, सांगली