आमचं जुनं टेबल न दिल्याबद्दल आभार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत आहे. पण हे पत्र चारचौघांत वाचलं जाणार, आणि तुम्हाला न विचारता नाव टाकणं मला बरं वाटत नाही. तुमच्या वाचनात आलं तर ओळखालच. संध्याकाळी हॉटेल उघडल्या उघडल्या येऊन बसलेलं कुटुंब आम्ही : मी, नवरा, सासूबाई आणि दीड वर्षाची लेक. लेक म्हणजे तीच, जिने तुमचे चमचे एकेक करून खाली टाकले.

तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही, पण तुमचं हॉटेल आमच्या फार जवळचं आहे. लग्न ठरायच्या आधी आम्ही दोघं तिथे तासन्‌तास बसायचो. पुढे गर्भारपणात डॉक्टरांनी प्रवास कमी करायला सांगितलं, मग बाळंतपण, मग जागरणं, मग बाळाची सर्दी, मग आमची सर्दी. दर महिन्याला ‘या खेपेला नक्की’ असं ठरायचं आणि दर महिन्याला आम्ही घरीच जेवायचो. त्यात मधे एकदा दुसऱ्या एका ठिकाणी गेलो होतो. तिथे आम्हाला स्वयंपाकघराच्या दाराशी बसवलं, बाळाचं खाणं सगळ्यांत शेवटी आलं आणि अर्धं ताट बांधून घेऊन आम्ही घरी परतलो. त्यानंतर सासूबाईंनी निकाल दिला की मूल शाळेत जाईपर्यंत हॉटेलचं नाव काढायचं नाही.

म्हणून तुमच्याकडे फोन केला तेव्हा मी आधीच बचावाच्या पवित्र्यात होते. ‘सोबत लहान बाळ आहे, चालेल ना?’ असं विचारलं. तुम्ही ‘चालेल’ म्हणून फोन ठेवला नाहीत. बाळ किती महिन्यांचं, उंच खुर्चीत बसतं का, आणि साधारण किती वाजता झोपतं, हे विचारलंत. झोपेची वेळ मला आजवर कुठल्याच हॉटेलने विचारली नव्हती. मी सांगितल्यावर तुम्ही म्हणालात, ‘मग गर्दीच्या आधीच या. तिची झोप आली की तुम्हाला जेवण सुचायचं नाही.’ आमची अर्धी संध्याकाळ तिथेच मार्गी लागली.

आल्यावर आम्ही हट्टाने आमचं जुनं टेबल मागितलं. हॉलच्या मधोमध, खांबापाशी असलेलं. तुम्ही सरळ ‘नाही’ म्हणालात. माझा चेहरा उतरलेला तुम्हाला दिसला असणार. शिवाय तिथली जुनी माणसं कुणीच दिसत नव्हती, आम्हाला ओळखणारं कुणी उरलं नव्हतं, त्यात टेबलही नाही! पण तुम्ही दोन वाक्यांत कारण सांगितलंत. स्वयंपाकघरातून भरलेले ट्रे त्याच वाटेने बाहेर येतात, आणि उंच खुर्चीत बसलेल्या मुलाचा हात बरोबर त्या वाटेत येतो.

घरी येऊन मी हे नीट समजून घेतलं. लहान मुलांची त्वचा मोठ्यांपेक्षा पातळ असते, त्यामुळे त्याच गरम पाण्याने ती लवकर आणि खोल भाजते. चहा-कॉफी करून पंधरा मिनिटं झाली तरी तिने मूल भाजू शकतं. आपल्याला जे ‘आता कोमट झालं’ वाटतं ते त्यांच्यासाठी कोमट नसतं. भाजलंच तर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं, बर्फ किंवा तूप-लोणी लावायचं नाही. तुम्ही अर्थातच एवढं सगळं बोलत बसला नाहीत. कोपऱ्यातलं, एका बाजूला भिंत असलेलं टेबल दाखवलंत आणि त्यावरचा कापड उचलून घडी करून घेऊन गेलात. तो का काढला हे मला लेकीने टेबलाच्या कडेला हात घालून ओढायला काही सापडतंय का पाहिलं तेव्हा कळलं.

खुर्चीचंही तसंच. मी ती टेबलाला अगदी चिकटवून ठेवली होती, म्हणजे सांडलवंड कमी. तुम्ही पायांमधला पट्टा लावून घेतलात आणि खुर्ची थोडी मागे ओढलीत, कारण टेबलाला पाय लावून जोर दिला की खुर्ची मागच्या मागे कलंडते. आमची लेक पाय लावणाऱ्यांतलीच आहे. तिने लगेच हवेत लाथ मारून पाहिली आणि तिचा मूड गेला.

खाण्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण ‘इथे मुलांचं स्वागत आहे’ अशी पाटी लावणाऱ्या बहुतेक ठिकाणांना नेमकं हेच जमत नाही. रंगीत खडू ठेवतात, फुगा देतात, एका कोपऱ्यात घसरगुंडीही असते. आणि मुलासाठी म्हणून जो पदार्थ देतात तो सगळ्यांत खारट, नाहीतर सगळ्यांत गोड. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये ६ ते २३ महिन्यांच्या मुलांच्या पूरक आहाराबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत जास्त साखर आणि जास्त मीठ असलेले पदार्थ या वयात देऊ नका असं म्हटलं आहे, आणि साखर घातलेली पेयंही नकोत. तुम्ही मला विचारलंत, ‘मीठ-मसाला घालायच्या आधी तिच्यापुरतं वेगळं काढून ठेवायला सांगू का?’ म्हणजे वेगळं काही शिजवायचं नाही, आमच्याच भांड्यातलं तिच्या वाटचं आधी बाजूला. आतल्या मंडळींना यात फारसा त्रास झाला नसावा, आणि आम्हाला घरून डबा न्यावा लागला नाही. त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

दुसरा प्रश्न तुम्ही विचारलात तो मला जास्त आवडला : ‘तिचं आधी आणू की तुमच्याबरोबर?’ माझं उत्तर तयार होतं, आधी. सगळे आईवडील हेच म्हणत असतील. तुम्ही म्हणालात, ‘आधी आणलं तर तुमचं येईपर्यंत तिचं जेवून होईल, मग ती उतरायला मागेल. आत्ता तोंडात धरायला काहीतरी देते, जेवण सगळ्यांचं एकदम आणते.’ आणि खरंच, आमची पानं आली तेव्हा ती भुकेली होती आणि कामात होती. मी कित्येक महिन्यांनी गरम अन्न गरम असताना खाल्लं, तेही दोन्ही हात मोकळे ठेवून. तो पदार्थ आम्ही पूर्वी मागवायचो तोच होता, चव तीच होती. नवरा पहिल्या घासाला काहीच बोलला नाही. तो जेवताना एरवी खूप बोलतो.

फळांच्या थाळीत द्राक्षं होती. ती तुम्ही आत परत नेलीत आणि उभी चिरून, एकेकाच्या चार फोडी करून आणलीत. सासूबाई हसल्या. ‘आमच्या वेळी असली थेरं नव्हती’ हे त्यांचं वाक्य तुम्ही ऐकलंत आणि मनाला लावून घेतलं नाहीत, याबद्दल वेगळे आभार. या वयात पुढचे दात तुकडा तोडतात, पण भरडायला लागणाऱ्या दाढा अजून येत असतात. पहिल्या दाढा साधारण तेराव्या ते एकोणिसाव्या महिन्यात, त्यांच्या मागच्या दुसऱ्या वाढदिवसाच्या आसपास किंवा नंतर. श्वासनलिका अरुंद. गोल, गुळगुळीत, थोडा दबणारा तुकडा तिच्यात बुचासारखा बसतो. अख्खे दाणे आणि सुकामेवा पाच वर्षांखाली देऊ नये म्हणतात ते याचसाठी.

आणि मग तो खोकला.

द्राक्षाचा नव्हता, कशाचा तरी साधाच घास होता. ती खोकायला लागली, डोळ्यांत पाणी आलं, आणि सासूबाईंचं बोट तिच्या तोंडाकडे निघालं. तुम्ही शेजारच्या टेबलाशी होतात. तिथूनच आलात, सासूबाईंचा हात हलकेच धरलात आणि म्हणालात, ‘आजी, खोकू द्या. खोकतेय म्हणजे हवा जातेय.’ ओरडला नाहीत. तिच्यासमोर वाकून बघत राहिलात. ती आणखी दोन-चारदा खोकली, घास बाहेर आला, तिने तो उचलून परत तोंडात घातला.

एवढंच घडलं. ‘जीव वाचवला’ असं मी लिहिणार नाही, तुम्हालाही ते आवडणार नाही. पण न पाहता बोट घातलं असतं तर तो घास आणखी आत गेला असता, ही शक्यता खरी होती. नंतर तुम्ही सहज सांगितलंत की घास अडकला तर काय करायचं हे तुम्हाला कामावर शिकवलं आहे. खोकल्याचा आवाज बंद झाला, रडूही फुटेनासं झालं, तर मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधे तळहाताने पाच जोरदार थापा. त्याने निघालं नाही तर एक वर्षावरच्या मुलाला मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर पाच वेळा आत आणि वर दाब. वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट दाबायचं नाही, छातीवर दाब द्यायचा. सोबतच्या कुणीतरी तोवर रुग्णवाहिकेला फोन करायचा. सासूबाईंनी हे सगळं शांतपणे ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते त्यांच्या बहिणीला फोनवर जसंच्या तसं सांगितलं, जणू त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. शिकवलेलं असं पुढे जात असेल तर श्रेय कुणाला मिळतं याची मला फिकीर नाही.

आता चमचे. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी स्वतःच्या तीन मुलांचं बारकाईने निरीक्षण केलं होतं. साधारण १२ ते १८ महिन्यांचं मूल एकच गोष्ट पुन्हा पुन्हा, पण दर वेळी थोडी वेगळी करून काय होतं ते पाहतं, असं त्यांनी मांडलं. टाकणं हा त्याचा आवडता प्रयोग. पियाजेंच्या घरी फरशीवरून वस्तू कोण उचलत होतं, हा प्रश्न मला अलीकडे वरचेवर पडतो. तुमच्याकडे त्याचं उत्तर होतं : कुणीही नाही. तुम्ही सुरुवातीलाच मूठभर चमचे आणून ठेवलेत आणि सांगितलंत, ‘खाली पडलेले राहू द्या, शेवटी एकदम उचलते.’ नवरा वाकायचा थांबला. उचलून देणारं कुणी नाही म्हटल्यावर प्रयोगातली मजा कमी झाली, आणि उरलेला एक चमचा तिने चक्क जेवायला वापरला.

मधे ती रडली तेव्हा पलीकडच्या टेबलावरच्या गृहस्थांनी दोनदा मागे वळून पाहिलं. ते चूक होते असं मी म्हणणार नाही. तेही बहुधा बऱ्याच दिवसांनी निवांत जेवायला आले असतील. मला इथे हेच नमूद करायचं आहे की तुम्ही आमच्या वतीने त्यांची माफी मागत बसला नाहीत, आणि आम्हालाही काही सुनावलं नाहीत. त्यांना आतल्या बाजूचं टेबल हवंय का विचारलंत, ते हवं म्हणाले, तुम्ही त्यांचे पेले उचलून त्यांच्यासोबत गेलात. कुणाचीच मान खाली गेली नाही.

रडू थांबेना तेव्हा तुम्ही बाहेरच्या पडवीकडे बोट दाखवलंत. ‘एक जण फिरवून आणा, ताट झाकून ठेवते.’ एरवी अशा वेळी आमचा मोबाइल बाहेर येतो, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी आला नाही. आळीपाळीने फिरवलं, आळीपाळीने जेवलो, आणि सासूबाईंनी दोन्ही फेऱ्यांच्या वेळी बसून शांतपणे दुप्पट गोड खाल्लं.

शेवटचं ताट उचलताना तुम्ही म्हणालात, ‘बिल करून ठेवलंय. घाई नाही, पण उठावंसं वाटलं तर थांबावं लागू नये म्हणून.’ मूल असलेल्या घराला हे वाक्य किती मोलाचं आहे ते बिलाची वाट बघत पेंगुळलेलं मूल खांद्यावर सांभाळणाऱ्यांना विचारा. जेवणाची पंधरा मिनिटं वाढली तर चालतात, निघायची पाच मिनिटं चालत नाहीत.

ताई, तुम्ही लेकीला एकदाही खेळवलं नाहीत. गाल ओढले नाहीत, फोटो काढला नाहीत, ‘मावशीकडे येतेस का’ म्हणाला नाहीत. तिच्याकडे तुमचं लक्ष मात्र सतत होतं. ती तुमच्यासाठी गिऱ्हाईक होती, लहान आकाराचं, आणि आम्हीही गिऱ्हाईकच राहिलो, नुसते तिचे सांभाळकर्ते झालो नाही. एवढ्या काळानंतर त्या जागी जाऊन मला हवं होतं ते हेच होतं. जुन्या माणसांनी ओळखणं वगैरे ठीक आहे, मिळालं असतं तर छान वाटलं असतं.

तुमच्या व्यवस्थापकांना मी वेगळं पत्र पाठवलं आहे. त्यात तुमचं नाव आहे, आणि हे शिक्षण सगळ्या कर्मचाऱ्यांना द्या अशी विनंतीही. तुमच्या पगाराच्या वेळी ते पत्र त्यांच्या टेबलावर असावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तुमची आभारी,
कोपऱ्यातल्या टेबलावरची आई

ता. क. : बाळाचे कपडे बदलायची फळी तुमच्याकडे फक्त बायकांच्या स्वच्छतागृहात आहे. त्या दिवशी पाळी नवऱ्याची होती आणि गेले मी. पुरुषांच्या बाजूलाही एक बसवता आली तर बघा. व्यवस्थापकांच्या पत्रात हेही लिहिलं आहे, पण तुम्ही सांगितलंत तर लवकर होईल असं वाटतं.