वॉचमन मामांना, चिकूच्या घरून

मामा, सप्रेम नमस्कार.

समोर येऊन आभार मानले तर तुम्ही "त्यात काय एवढं, ताई" म्हणून गेट उघडायला उठाल, म्हणून लिहून काढतेय. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण कुत्र्याचं पिल्लू घरी आणून महिन्याभरात कंटाळून सोडून देणारी माणसं मी पाहिली आहेत. तुम्ही नसतात तर आम्हीही त्यांच्यातलेच झालो असतो.

जुलैच्या पावसात पार्किंगमधल्या स्कूटरखाली चिकू सापडला तेव्हा जेमतेम सहा आठवड्यांचा असेल. आई नाही, भावंडं नाहीत. आठवड्याभरात अंगात जीव आला आणि चावायला लागला. हात, पाय, ओढणी, जे हलेल ते. एका संध्याकाळी माझ्या सहा वर्षांच्या लेकीच्या मनगटात दात रुतले आणि रक्त आलं. ती किंचाळली, सासूबाई हळदीचा डबा घेऊन धावल्या आणि मी चिकूच्या तोंडावर फटका मारला.

आरडाओरडा ऐकून तुम्ही वर आलात. हळद लावू दिली नाहीत. लेकीचा हात नळाखाली धरलात आणि साबण लावून, घड्याळाकडे बघत, १५ मिनिटं धुतलात. ती रडत होती, तरी हात सोडला नाहीत. "पिल्लू हाय, बारकी जखम हाय, म्हणून बसू नका. सुई घ्याच." त्याच रात्री दवाखान्यात पहिली सुई झाली, मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रेबीज एकदा उफाळला की त्यावर इलाज नाही, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण त्या क्षणी हललात ते तुम्ही.

दुसऱ्या दिवशी मी चिकूला कुठेतरी देऊन टाकायचं म्हणत होते. तुम्ही पायरीवर बसून तुमच्या लहानपणचं सांगितलंत, माणदेशात मेंढरांमागे फिरतानाचं. पिल्लं आपसात खेळतात, एकाने जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ मोडतो. दूध पिताना दात लागला तर कुत्री काय करते? "मारती व्हय त्याची आय? न्हाई. उठून जाती." हे वाक्य मी त्या दिवसापासून रोज स्वतःला ऐकवलं आहे. चिकू खुनशी नव्हता. किती जोरात चावायचं नाही, हे पिल्लू आईजवळ आणि भावंडांत शिकतं, आणि ते त्याच्या वाट्याला आलंच नव्हतं.

मग तुम्ही सासूबाईंची जुनी सुती साडी मागून घेतलीत. तीन पट्ट्या फाडल्यात, पायाच्या अंगठ्यात एक टोक अडकवून वेणी घातलीत, दोन्ही टोकांना गाठी. चांगली हातभर लांब, म्हणजे त्याचे दात आणि आपली बोटं यांत अंतर राहील. दोरी चावली तर खेळ चालू. कातडीला दात लागला की ओरडायचं नाही, हात हिसकायचा नाही, कारण हिसकला की त्याला तो पळणारा उंदीर वाटतो. मुकाट उठायचं, दाराआड जायचं, वीसपर्यंत मोजायचं, परत यायचं.

लेकीला तुम्ही वेगळं शिकवलंत. पळालं, किंचाळलं की त्याला अजून चेव येतो, म्हणून "हाताची घडी, तोंडावर बोट" करून खांबासारखं उभं राहायचं. शाळेतलंच ते, तिला लगेच जमलं. चिकू दोनदा उड्या मारायचा, आणि समोरून काहीच होत नाही म्हटल्यावर खाली बसायचा.

पहिले चार-पाच दिवस तो उलट जास्तच चावला आणि माझा धीर सुटत आला होता. ह्यांची गादीवर हाताने कुस्ती खेळायची सवय तुम्हीच मोडलीत. घरात एक जण हात चावू देतो आणि दुसरा उठून जातो, मग पिल्लाने काय समजायचं, असं तुम्ही ह्यांना तोंडावर विचारलंत. संध्याकाळी सातनंतर तो पिसाळल्यासारखा करायचा, तेव्हा तो दमलाय, त्याला झोपवा, हेही तुमचंच. एवढंसं पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपतं हे आम्हाला कुठे माहीत होतं! कोपऱ्यात गोधडी टाकली, दिवा मालवला, की पाच मिनिटांत घोरायचा.

एक गोष्ट मात्र मला अजून टोचते. त्या फटक्यानंतर माझा हात वर गेला की चिकू डोळे मिटून मान आत घ्यायचा. तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त म्हणालात, रोज तळहातावर दही चाटवा. मी पंधरा दिवस चाटवलं. सोळाव्या दिवशी मी केस बांधायला हात वर केला आणि तो नुसता बघत राहिला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

तो तीन महिन्यांचा झाला तेव्हा त्याला रेबीजची लस दिली. चार महिन्यांचा झाला तेव्हा दुधाचे दात पडायला लागले, हिरड्या शिवशिवायच्या, तेव्हा ओलं फडकं फ्रीजरमध्ये ठेवून चघळायला दिलं. गोधडीत तांदळाच्या दाण्याएवढा दात सापडला, तो लेकीने काड्यापेटीत जपून ठेवलाय. आता ती हातातून बिस्कीट देते आणि तो ओठांनी उचलतो, बोटाला फक्त ओल लागते.

रविवारी ड्युटी संपली की चहाला या. दोरी पार विरली आहे. सासूबाईंनी दुसरी साडी काढून ठेवलीय, आणि लेकीला वेणी तुमच्याकडूनच शिकायची आहे.

तुमची,
चिकूची आई