मैदानाच्या मातीचाही ताप मोजा : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. क्रीडामंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सस्नेह नमस्कार.

श्रावणात हिरवीगार दिसणारी कोकणातली मैदाने वैशाखात लाल पडतात आणि खापर उन्हावर फुटते. मैदानावरच्या हरळीच्या गवताला ऊन मानवते, त्याला मारते ती तापलेली माती. मातीचे तापमान २४ ते २९ अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तोवर हरळीचे मूळ जोमाने वाढते. पस्तिशीच्या पुढे ते थकते. उघड्या, सुक्या मातीचा पृष्ठभाग मात्र मे महिन्याच्या दुपारी पन्नाशी ओलांडतो.

आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी जांभ्यावर जेमतेम वीतभर माती असते. त्यात रोलर, गाड्या आणि रोजचा सराव यांनी ती दडपते. दडपलेल्या मातीत हवा राहत नाही, मुळे वरच्या तीन-चार सेंटिमीटरांतच पसरतात, आणि सर्वांत जास्त तापतो तो नेमका हाच थर. रोज संध्याकाळी पाइपने नुसते शिंपडले की मुळे आणखी वर येतात. शिवाय रात्रभर पाती ओली राहून बुरशी धरते, ते वेगळेच.

पाणी पहाटे द्यावे, एका वेळी २५ मिलिमीटर, चार-पाच दिवसांनी. माती उथळ असेल तर १२ मिलिमीटर, दोन दिवसांआड. पाणी वाहून जात असेल तर तेच अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराने दोन-तीन हप्त्यांत सोडावे. १०५ बाय ६८ मीटरच्या फुटबॉल मैदानाला २५ मिलिमीटर म्हणजे सुमारे १ लाख ७८ हजार लिटर पाणी. क्रीडासंकुलाच्या आराखड्यात गॅलरी असते, पण एवढ्या पाण्याची टाकी असते का, हे आपण जरूर तपासावे. खाडीकाठच्या विहिरी मेमध्ये खारटतात, म्हणून पाण्याची क्षारता दर पंधरवड्याला मोजावी लागते. जिथे खारेपणा हटतच नाही, तिथे हरळीचा हट्ट सोडून खारे पाणी सोसणारे पास्पालम गवत लावावे.

एप्रिलपासून कापणीची उंची २५ वरून ४० मिलिमीटरवर न्यावी. पात्यांची सावली हेच मातीचे छप्पर आहे. एका कापणीत पात्याचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग काढू नये. युरिया तापलेल्या मातीवर नुसता फेकून ठेवला तर नत्राचा बराच भाग अमोनिया होऊन उडून जातो. तो टाकला की लगेच पाणी द्यायला हवे.

दडपलेली माती मोकळी करायला, पावसाळ्याची उघडीप मिळाली आणि गवत जोमात असले की पोकळ दातांच्या यंत्राने ७५ ते १०० मिलिमीटर खोल भोके पाडावीत, निघालेले मातीचे गोळे उचलावेत आणि धुतलेली नदीची वाळू ३ मिलिमीटर थराने पसरावी. पूर्ण मैदानाला ती साधारण २१ घनमीटर लागते. समुद्राची वाळू चालणार नाही, तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. भर उन्हाळ्यात भोके पाडू नयेत, त्यांतून उघडी पडलेली मुळे होरपळतात.

सर्वांत मोठे नुकसान मांडवांमुळे होते. आपला शेतकरी राब भाजतो, म्हणजे भाताची रोपे करायच्या जागेवर पालापाचोळा जाळतो, कारण तापलेल्या मातीत तणाचे बी मरते. ओल्या जमिनीवर पारदर्शक प्लास्टिक अंथरले की उन्हातही तेच घडते, फक्त जाळ दिसत नाही. सभेसाठी मैदानावर दोन-तीन दिवस ताडपत्री अंथरून ठेवली, तर हरळीचाच राब भाजला जातो.

म्हणून आमची मागणी अशी : १५ मार्चपासून पाऊस स्थिरावेपर्यंत गवती मैदानावर मांडव व ताडपत्री यांना परवानगी देऊ नये. देखभालीच्या प्रत्येक निविदेत मातीचा थर्मामीटर आणि नोंदवही सक्तीची करावी. सकाळी ७ व दुपारी ३ वाजता, ५ आणि १० सेंटिमीटर खोलीवर, दर वेळी मैदानातल्या त्याच चार जागी नोंद व्हावी. गोलपोस्टसमोरची जागा त्यात असावीच, कारण गवत आधी तिथेच जाते. आणि ठेकेदाराचे देयक ही वही पाहूनच मंजूर व्हावे.

आपले नम्र,
रत्नागिरी-सिंधुदुर्गातील मैदाने राखणारे