खाणपट्टा देण्याआधी एकदा येऊन बघा

मा. जिल्हाधिकारी साहेब, नाशिक यांस,
स. न. वि. वि.

मी दिंडोरी तालुक्यातल्या एका कादवेकाठच्या गावचा शेतकरी. आमच्या शिवारात ओढ्यालगत जुनी हातखाण आहे. पावसाळ्यात तिचं डबकं होतं, म्हशी डुंबतात. उन्हाळ्यात पाणी आटलं की कातळावर पाचरी ठोकायच्या खाचा ओळीनं दिसतात, वीतवीत अंतरावर. कडेला एक अर्धवट जातं पडलंय. गोल घडवून झालं, तोंड पाडायला घेतलं आणि नेमकी तिथेच चीर गेली. घडवणाऱ्यानं दोन शिव्या हासडून दुसरा दगड धरला असणार.

आजी सांगायची, आपलं जातं याच खाणीतलं. दगड गुळगुळीत झाला की पाथरवट दारात बसून टाकी लावून द्यायचा. त्यानंतरच्या पहिल्या दळणात कचकच यायची, ते गुरांना जायचं. आता गावात गिरणी आहे. जातं फक्त लग्नात हळदीपुरतं बाहेर निघतं.

आपल्याकडचा कातळ म्हणजे थरावर थर साचलेला लाव्हा. थराच्या माथ्याचा दगड भोकाभोकांचा, पोटातला घट्ट. जुनी माणसं घण मारून कान द्यायची. खणखणीत वाजला तो जात्याला, बद्द वाजला तो बांधाला. सरदार ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या काळाराम मंदिराचा दगड रामशेजच्या खाणींतला. पण रामशेज म्हटलं की आपल्याला मोगलांना वर्षानुवर्षं दाद न देणारा किल्लाच आठवतो.

२०२७च्या सिंहस्थासाठी रस्ते होणार, घाट होणार, खडी लागणार. त्याला माझा विरोध नाही, मीही त्याच रस्त्यानं द्राक्षं नेतो. पण सातबाऱ्यावर अशी जागा नुसती पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, दिसते. शेजारच्या शिवारात अशीच एक खाण होती. क्रशर आला आणि दोन महिन्यांत खाचांसकट तिची खडी झाली. तक्रार घेऊन एका कार्यालयात गेलो, तर तिथले साहेब म्हणाले, "होतं काय तिथं? दगडच ना?"

साहेब, मागणी मोठी नाही. खाणपट्टा देण्याआधीच्या स्थळपाहणीला तलाठ्यासोबत गावातला एखादा जुना वडार किंवा पाथरवट घ्या. दगड कुठं हातानं फोडलाय, हे तो नकाशाशिवाय दाखवील. तेवढ्या कातळाचं माप घ्या, फोटो काढा आणि तो पट्ट्यातून वगळून हद्दीच्या खुणा ठोका. आमच्याकडे ही जागा फार तर दहा-बारा गुंठे भरेल.

यायचं तर मे महिन्यात या, जूनमध्ये सगळं पाण्याखाली जातं. फार्महाउसवाले बागेत मांडायला जुनी जाती गोळा करत फिरतात. हे चिरलेलं म्हणून त्यांनी अजून नेलेलं नाही.

आपला,
कादवेकाठचा एक शेतकरी