युगलगीतं वगळू नका, त्यांची पट्टी बदला

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका गृहस्थांनी सूचना केली होती की गणेशोत्सवातल्या गाण्याच्या स्पर्धांतून ‘एकटेपणाची रडकी युगलगीतं’ काढून टाकावीत. त्याच सुमारास आमच्या भागातल्या एका मंडळानं यंदाच्या स्पर्धेचे नियम छापून वाटले. त्यात दोन कलमं आहेत. युगलगीत आनंदी असावं हे एक, आणि ट्रॅक, म्हणजे साथीचं ध्वनिमुद्रण, मूळ पट्टीतच, म्हणजे मूळ गाण्याच्या सुराच्या उंचीतच, वाजवला जाईल हे दुसरं. पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांशी माझं काही वैर नाही, आणि मंडळाचे कार्यकर्ते तर रोज भेटणारे. पण ही दोन्ही कलमं चुकीची आहेत असं माझं ठाम मत आहे. दांडिया बाजारात माझं पेट्या, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्त करण्याचं दुकान आहे. वडिलांच्या वेळेपासून बडोद्यातल्या भजनी मंडळांच्या, शाळांच्या, घरोघरच्या पेट्या आमच्याकडे येतात आणि पेटीबरोबर गाणारी माणसंही येतात. त्या माणसांच्या वतीनं हे पत्र.

आधी गाण्याबद्दल. हल्लीचं हे युगलगीत ज्यांनी नीट ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुरुवातीला नुसती गिटार किंवा पियानो, मोजकेच सूर. मग तो गातो, खालच्या सुरात, जवळजवळ बोलल्यासारखा. परक्या शहरातली खोली, रात्र, न आलेला फोन. त्याचं कडवं संपतं, मध्ये वाद्यांचा तुकडा येतो आणि मग ती गाते. तिच्या घरातही तीच रात्र. आता हे लक्षात घ्या की तिनं त्याचं कडवं ऐकलेलं नाही. ती त्याला उत्तर देत नसते, आपलं गाऱ्हाणं आपल्याशीच मांडत असते. ही दोघं एकच गोष्ट बोलतायत हे फक्त ऐकणाऱ्याला कळतं. शेवटच्या धृपदाला कुठे दोघांचे आवाज एकत्र येतात, आणि चार मिनिटांत गाणं संपतं. अशी गाणी दर वर्षी येतात, हिंदीत, मराठीत, गुजरातीतही, म्हणून एकाचंच नाव घेत नाही.

संगीतकार यात एक फार सुंदर गोष्ट करतो. त्याची चाल खालच्या षड्जाच्या, म्हणजे ‘सा’च्या, आसपास फिरते, तिची पंचमापासून, म्हणजे ‘प’पासून, वर. दोघांच्या चाली एकमेकींना सहसा शिवत नाहीत. दोन माणसं दोन गावांत आहेत हे शब्दांनी सांगायच्या आधी सुरांनीच सांगितलेलं असतं. इतकी विचारानं बांधलेली वस्तू ‘रडकी’ म्हणून बाजूला टाकायची याचं मला वाईट वाटतं.

गणपतीपुढे विरह कशाला, असं पत्रात विचारलंय. आपल्या काव्यशास्त्रानं शृंगाराचे दोन भाग केले, संभोग आणि विप्रलंभ, म्हणजे मीलनाचा आणि विरहाचा. दोन्हींना मान दिला. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांमध्ये बोलणारी स्त्री आहे आणि ज्याच्यासाठी ती झुरते तो समोर नाही. त्या विराण्या आपण देवापुढे डोळे मिटून ऐकतो. ठुमरीतली नायिकाही बहुतेक वेळा वाटच बघत असते. तेच गाऱ्हाणं गिटारीच्या साथीनं आलं, त्यात मोबाइलचा उल्लेख आला, की ते गणपतीपुढे चालू नये, हे मला खरंच समजत नाही.

आणि ऐकायला बसलेली माणसं कोण असतात तेही बघा. आपल्या बडोद्याच्या मराठी घरांत आज कुणाचा मुलगा कॅनडात, कुणाची मुलगी बंगळुरात, कुणाचा नवरा दहेजला नाहीतर जामनगरला. ‘तुझ्यावाचून करमत नाही’ असं आपल्या घरांत नवरा-बायको एकमेकांना तोंडानं म्हणत नाहीत. ‘जेवलास का’, ‘गाडी वेळेवर आहे ना’, ‘गोळ्या घेतल्या ना’, एवढ्यावर भागवतात. सगळ्या गल्लीसमोर, हातात माइक घेऊन, दुसऱ्याच्या शब्दांत का होईना ते म्हणता येतं. वर्षातून एकदा मिळणारी ही संधी काढून घेऊ नका.

एका कोजागिरीची गोष्ट सांगतो. आमच्या वाड्याच्या गच्चीवर दूध आटत होतं आणि गाणी चालली होती. एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांचे यजमान आदल्या वर्षी गेले. दोघं मिळून दर कोजागिरीला एक युगलगीत म्हणायचे. त्या वर्षी त्यांना कुणी आग्रह केला नव्हता, त्या स्वतःच पुढे येऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, ‘भाऊ, नेहमीचंच, पण दोन्ही कडवी मीच म्हणणार.’ त्याचं कडवं त्यांनी त्याच्याच सुरात म्हणायला घेतलं. इतका खालचा सूर बाईच्या गळ्याला लागत नाही, शब्द नुसते श्वासावर येत होते. मी पेटीची खर्जाची, म्हणजे खालचे जाड सूर उघडणारी, खुंटी ओढली आणि भाता हलका ठेवला, म्हणजे त्यांच्या आवाजाखाली पेटीचा जाड सूर राहील. त्यांचं स्वतःचं कडवं आलं तेव्हा खुंटी आत ढकलली. त्या कडव्यात आवाज मोकळा झाला. शेवटच्या धृपदाला दोघांनी मिळून म्हणायची ओळ होती, तिथे त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा खर्ज उघडला. त्या फक्त त्यांची ओळ गायल्या, दुसरी पेटीनं वाजवली. टाळ्या पडल्या नाहीत, पण त्यांच्या सुनेनं येऊन त्यांचा हात धरला आणि दुधाचा पहिला पेला त्यांना दिला. अशी गाणी माणसाला खचवतात असं म्हणणाऱ्यांनी त्या बाईंना येऊन भेटावं. त्यानंतर त्यांनी आमच्या वाड्यातल्या मुलींना गाणं शिकवायला सुरुवात केली.

आता दुसरं कलम, मूळ पट्टीचं. माझ्या दृष्टीनं ते पहिल्याहून जास्त नुकसान करणारं आहे, कारण वरवर ते न्यायाचं दिसतं. सगळ्यांना एकच नियम. पण बाईचा आणि पुरुषाचा गळा निसर्गानंच वेगळा केलाय. पुरुषाचे स्वरतंतू लांब आणि जाड. बोलताना त्यांची कंपनं सेकंदाला साधारण १२० असतात, बाईची २०० च्या पुढे. पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या नावांत सांगायचं तर, गाताना पुरुष आपला षड्ज काळी एक किंवा काळी दोनच्या आसपास धरतो, बाई काळी चार-काळी पाचच्या. एकट्यानं गायचं तर प्रत्येकजण आपापली पट्टी घेतो आणि प्रश्न मिटतो. युगलगीतात दोघांना एकच षड्ज वाटून घ्यायचा असतो. तो पुष्कळदा नायकाच्या आवाजाला सोयीचा निघतो, आणि मग बाईला वरचे सूर ओढून काढावे लागतात.

गेल्या वर्षी एका स्पर्धेत एक जोडपं असंच एक गाणं गायलं. तो दहेजला एका कारखान्यात पाळीत काम करतो, आठवडाभर तिथेच राहतो. ती घरी शिकवण्या घेते. गाणं निवडलं होतं तेही अगदी त्यांचंच म्हणावं असं. ट्रॅक काळी एकचा. तिच्या अंतऱ्यातला सर्वांत वरचा सूर तार रिषभ, म्हणजे वरच्या सप्तकातला ‘रे’. पहिल्यांदा तो कसाबसा लागला, दुसऱ्यांदा आवाज फाटला. ती थांबली नाही, गाणं पुरं केलं, पण पुढच्या ओळी खाली मान घालून म्हटल्या. परीक्षकांच्या कागदावर शेरा आला : ‘स्त्रीस्वर कमकुवत.’

नवरात्र झाल्यावर ती पेटी दाखवायला दुकानात आली तेव्हा विषय निघाला. दुकान रिकामं होतं, मी म्हटलं गाऊन दाखवा. काळी एकवर तार रिषभाला तिच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. एक पट्टी उतरलो, पांढरी एक. थोडं बरं. आणखी एक उतरलो, पांढरी सात. तिथे सूर असा लागला की समोरच्या भांड्याच्या दुकानातला मुलगा दारात येऊन उभा राहिला. अजून एक उतरून काळी पाचला बघितलं, तिला ते आणखी सोपं गेलं. पण नवऱ्याला फोन लावून त्याच्याकडून त्याच्या कडव्यातला सर्वांत खालचा सूर, मंद्र निषाद, म्हणजे खालच्या सप्तकातला ‘नी’, म्हणवून घेतला, तर काळी पाचला तो लागेना. म्हणून पांढरी सात ठरली. एवढंच काम. तिचा सर्वांत वरचा सूर आणि त्याचा सर्वांत खालचा सूर शोधायचा, आणि दोन्ही ज्या पट्टीत बसतील ती घ्यायची. आणि हो, फोनवर का होईना, दोघांनी ते गाणं माझ्या दुकानात म्हटलं. तो तिकडे कँटीनच्या बाहेर उभा होता, मागून ताटांचे आवाज येत होते.

ट्रॅक आहे, त्याची पट्टी कशी बदलणार, असं कार्यकर्ते म्हणतात. आज कुठल्याही लॅपटॉपवर, साध्या मोबाइलवरसुद्धा, लय तीच ठेवून पट्टी वर-खाली करता येते. दोन-तीन पट्ट्यांपर्यंत वाद्यांच्या आवाजात कानाला फारसा फरक जाणवत नाही. त्याहून जास्त सरकवलं तर वाद्यांचा आवाज चमत्कारिक येतो, तेव्हा तेवढी मर्यादा जरूर घाला. पण मूळ पट्टीचा हट्ट धरू नका. मूळ गाण्यातले दोघं हल्ली बहुतेक वेळा एकत्र गातच नाहीत. तो एका दिवशी येऊन गातो, ती दुसऱ्या दिवशी, कधी दुसऱ्याच शहरात. एकेक ओळ पुन्हा पुन्हा गाऊन त्यातली चांगली ठेवतात, सूर ढळला तर तो संगणकावर जागेवर आणतात. त्यात वाईट काही नाही, पण दिवसभर शिकवण्या घेऊन रात्री मांडवात एकदाच गाणाऱ्या बाईला त्याच मापानं मोजणं अन्यायाचं आहे.

हे बडोदं आहे. सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं गवई मौलाबक्षांनी १८८६ साली इथे गायनशाळा सुरू केली, तिचाच पुढे विद्यापीठातला विभाग झाला आणि सुरसागर तलावाच्या काठावर आजही तिथे गाणं शिकवतात. आग्रा घराण्याचे गवई फैयाज खाँसाहेब या गावात राहिले आणि १९५० साली इथेच गेले. त्यांचा आवाज भरदार, पट्टी खालची. त्याच पट्टीत त्यांनी मैफली जिंकल्या. ज्या गावात गवयाचा षड्ज त्याच्या गळ्यावरून ठरतो, त्या गावातल्या स्पर्धेत तो कंपनीच्या ट्रॅकवरून का ठरावा?

परीक्षकांनाही एक विनंती आहे. पेटीत बोटानं दाबायच्या एका पट्टीखाली दोन सूर, म्हणजे दोन पितळी जिभा, असले आणि ते तंतोतंत मिळवले, तर दोन ऐकूच येत नाहीत, एक ऐकू येतो. एकाची कंपनं सेकंदाला ४४० आणि दुसऱ्याची ४४२ ठेवली तर आवाज सेकंदाला दोनदा हलकासा थरथरतो. काही गिऱ्हाईकं मुद्दाम तशी थरथर ठेवायला सांगतात, कारण तिनं सूर भरल्यासारखा वाटतो. शेवटच्या धृपदाला दोन हौशी माणसांचे आवाज जवळ येतात तेव्हा तसंच होतं. दोघं दोन आहेत हे तेवढ्यावरून कळतं. उघड बेसूर असेल तिथे गुण जरूर कापा, पण तेवढ्या थरथरीला बेसूर म्हणू नका.

तेव्हा मंडळाच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती अशी. आनंदी गाण्याची अट काढा. युगलगीतासाठी तीन पट्ट्यांपर्यंत ट्रॅक सरकवायची मुभा द्या आणि ती पट्टी नाव नोंदवतानाच लिहून घ्या, म्हणजे आयत्या वेळी गोंधळ होणार नाही. ज्यांना पेटी-तबल्यावर गायचं असेल त्यांना ट्रॅकची सक्ती नको. परीक्षकांत निदान एक गाणारी बाई असावी, म्हणजे त्या वरच्या सुराला काय कष्ट पडतात ते टेबलापलीकडेही कुणाला तरी माहीत असेल.

गौरी-गणपतीपर्यंत माझ्या दुकानात संध्याकाळी गर्दी कमी असते, पुढे नवरात्राची कामं सुरू झाली की वेळ मिळत नाही. ज्या जोड्यांना आपली पट्टी शोधायची असेल त्यांनी या दिवसांत यावं, गाणं मोबाइलवर घेऊन. जोडीतलं एकजण बाहेरगावी असेल तर त्याला फोनवर घेऊ. या कामाचे पैसे मी घेणार नाही.

आपला,
पेटी दुरुस्त करणारा एक वाचक
दांडिया बाजार, बडोदा